बसती पायरी

आप्पा, उद्या मी तुमचा एक शब्द मोडणार आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की आता तुम्ही रागावणार नाही हे मला कळतं. तरी मोडण्याआधी तुमच्या कानावर घालावं असं वाटलं, म्हणून जेवणाच्या सुट्टीत दुकानातच लिहायला बसले आहे. ग्राइंडर बंद आहे, माणसं डबे घेऊन बाहेर सावलीत गेली आहेत, आणि माझ्यासमोर उद्याच्या जिन्याच्या पायऱ्या एकीवर एक रचून ठेवल्या आहेत. चेकर प्लेटच्याच, पाय घसरू नये म्हणून उठाव काढलेल्या पत्र्याच्या आहेत, आपण करायचो तशा. फरक एवढाच, की यातली एकही पायरी वेल्ड होणार नाही. उद्या त्या जागेवर न्यायच्या आणि नुसत्या बसवायच्या. मग त्यांच्यावरून माणसं चढतील, उतरतील, बायका डोक्यावर पाणी घेऊन चढतील. तुमचं वाक्य मला पाठ आहे: "बोल्टवर मानूस चढावाना नही." गिऱ्हाइकाला, वीज गेली म्हणून रिकाम्या बसलेल्या कारागिराला, आईला, मला, ज्याला त्याला तुम्ही ते ऐकवलं आहे. जगात लोखंडाचे दोन तुकडे जोडायचा वेल्डशिवाय दुसरा कुठला मार्गच नाही, असं मला लहानपणी वाटायचं ते त्यामुळेच.

तुमच्या पायाची गोष्ट मला आईने सांगितली, तुम्ही खूप नंतर. धुळ्याकडून तुम्ही दोघं सुरतेत आलात ते कापडाच्या लूमवर काम मिळेल म्हणून, आणि मिळालं भलतंच. इच्छापोरला एका कारखान्यात लोखंडी जिना उभा राहत होता, तिथे हेल्परचं. गुजराती तुम्हाला येत नव्हती. वरच्या पायऱ्यांचे बोल्ट कसलेत की नाही ते कळेना, म्हणून सकाळी तुम्ही मिस्त्रीला बोटाने दाखवून विचारलंत, हे? तो म्हणाला, "काले." आता गुजरातीत काले म्हणजे कालसुद्धा आणि उद्यासुद्धा. वाक्य पुढे गेलं की कोणतं ते कळतं, पण तो तेवढाच शब्द बोलून बिडी पेटवायला गेला. आपल्या अहिराणीत काल म्हणजे काल, आणि उद्या म्हणजे सकाय. तुम्ही धरून चाललात, काल कसून झाले. खांद्यावर लोखंड घेऊन चढलात आणि पायरी तुमच्या पायाखाली गर्रकन फिरली. उजवा पाय घोट्याच्या वर मोडला, आणि जुळला तो कायमचा वाकडा.

या एका शब्दापायी सुरतेत आपल्या माणसांनी काय काय घोळ घातले आहेत, त्याच्या गोष्टी लोक पोट धरून हसत सांगतात. कोणी साखरपुड्याला आदल्या दिवशी जाऊन बसलं, कोणी दवाखान्यात दुसऱ्या दिवशी पोचलं. तुम्ही त्या हसण्यात कधी नव्हतात. "माले वाटनं, कालच व्हई गयं," एवढंच म्हणायचात आणि पायावरून हात फिरवायचात. पण त्या मिस्त्रीला तुम्ही शेवटपर्यंत दोष दिला नाही. तो खरंच बोलला होता, असं म्हणायचात. तुमचा सगळा राग बोल्टवर. वेल्ड डोळ्याला दिसतं, चांगलं आहे की नुसतं चिकटवलं आहे ते जाणत्याला लांबूनही कळतं. बोल्ट मात्र कसलेला आणि नुसता अडकवलेला, दोन्ही सारखेच दिसतात. हे तुमचं म्हणणं मी तेव्हाही खोटं मानलं नाही आणि आजही मानत नाही. ते खरं आहे म्हणूनच तर मला इतकी वर्षं डोकं खाजवावं लागलं.

तुमचा हट्टीपणा माझ्यात आला आहे, असं आई म्हणायची, आणि म्हणताना तिचा चेहरा कौतुकाचा नसायचा. बारावी झाल्यावर मी दुकानात येऊन बसायला लागले, ते आधी नुसतं माप लिहून घ्यायला. मग एक दिवस तुम्ही मला वेल्डिंगची काळी काच दिलीत. तुमचीच जुनी, पण तिचा दांडा कापून, माझ्या हाताला बसेल असा घासून, त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. शेजारच्या दुकानदाराने तुम्हाला हटकलं, की पोरीच्या जातीला हे काय शिकवता. तुम्ही हातातलं काम न थांबवता त्याला म्हणालात, "काचमांगे पोर शे का पोऱ्या, कोन देखस?" आप्पा, मला आयुष्यात पुष्कळ वस्तू मिळाल्या. लग्नात तर इतकी भांडी मिळाली की ठेवायला जागा नव्हती. पण ती काच मिळाल्यावर जेवढी मी फुगले होते तेवढी पुन्हा कधी फुगले नाही. तुम्ही मला उभं वेल्ड शिकवलंत, डोक्यावरचं शिकवलंत, गळ्यात ठिणगी गेली तर ओरडायचं नाही हे शिकवलंत. तुमच्याइतका सरळ वेल्डचा टाका आपल्या भेस्तानात कोणाला येत नव्हता.

आणि तरी तुमचे जिने फाटत होते. सगळे नाहीत. घरातले, दुकानातले, गोदामातले अजून तसेच उभे आहेत. फाटायचे ते लूमच्या कारखान्यातले. मला तो दिवस आठवतो, आपण दोघं एका कारखान्यात तुम्हीच केलेला जिना दुरुस्त करायला गेलो होतो. खाली लूम चालू आहेत, खडखडाटात एकमेकांचं ऐकू येत नाही, जिन्याच्या कठड्याला हात लावला तर दात वाजतात. तुम्ही पायरीखाली आडवे होऊन बघता आहात. आधीही एकदा तिथेच फट पडली होती, तुम्ही ती घासून पुन्हा जाड टाका घातला होता. आता फट त्या जाड टाक्याला लागून, बाजूच्या पत्र्यात. तुम्ही उठलात आणि म्हणालात, रॉड भेसळीचे आले. मी खाली वाकून पाहिलं आणि तुमच्या कानाशी ओरडले, "आप्पा, फट वेल्डमा नही शे, वेल्डना बाजूले शे!" म्हणजे टाका दोषी नव्हता. टाका इतका घट्ट होता, की दिवसरात्रीचा हादरा कुठेतरी जिरायला जागाच नव्हती. तो शेजारचं लोखंड फाडत होता. हे सगळं तेव्हा मला असं नीट बोलता आलं नसतं, पण दिसलं होतं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "पायरी सोडी बोलू नको." लूमच्या आवाजात खरं तर मला ते ऐकू आलं नव्हतं. तुमच्या ओठांवरून कळलं. जिन्याखाली बसून बाप मुलीला पायरी सोडू नको म्हणतो आहे, यात गंमत आहे हे मला पुष्कळ उशिरा लक्षात आलं. त्या दिवशी मला फक्त रडू आलं होतं, आणि काच तोंडासमोर धरायची सोय होती.

त्यानंतर काही महिन्यांनी मी आईबरोबर कापड मार्केटमध्ये मावशीसाठी साड्या घ्यायला गेले. दुकानदार साड्यांच्या थप्प्या रचत होता. भिंतीला लोखंडी पट्ट्या, पट्ट्यांत उभ्या खाचा, आणि खाचांत फळीचे लोखंडी हात, म्हणजे ब्रॅकेट, नुसते अडकवलेले. ना टाका, ना नट. त्याला फळी खाली घ्यायची होती. त्याने खालून तळहाताने एक ठोसा दिला, हात सुटला, खालच्या खाचेत घातला, वरून दाबला, झालं. वर एवढा ढीग रचला तरी हलेना, उलट जास्तच घट्ट बसला. आई साड्या बघत होती आणि मी भिंत बघत होते. शेवटी त्या माणसाकडून मी एक जुना हात आणि पट्टीचा तुकडा मागून घेतला. आई रस्ताभर बडबडत होती, की लोक मार्केटातून पदर आणतात आणि माझी पोर भंगार आणते.

घरी मी ती पट्टी स्वयंपाकघरात मांडणीच्या खांबाला बांधली, तिच्यात हात अडकवला, हातावर जेवायचा पाट ठेवला आणि पाटावर पाण्याने भरलेली कळशी. तुम्ही जेवायला आलात. आई भाकरी थापत होती. तुम्ही कळशीकडे बघितलंत, मग खालून वाकून बघितलंत, मग मला विचारलंत, "हाई काय करी राहिनी?" मी म्हटलं, जिना. पायरी अशी बसवली तर? तुम्ही कळशी उतरवलीत, पाट उतरवलात, हात सोडवलात. सोडवायला तळहाताचा एक ठोसा पुरला, आणि तेच तुम्हाला आवडलं नाही. "साडी पडनी ते झटकी घेतस. मानूस पडना ते?" आई म्हणाली, "इतलं काय बिघडनं त्यामा? पोर शे, करी देखस." तुम्ही न जेवताच दुकानात गेलात आणि तो लोखंडी हात कटरवर धरून त्याचे दोन तुकडे केलेत. मी मागोमाग आले होते, दारातून पाहिलं.  त्या दिवशी मी मनाशी पक्कं केलं, की हे मी करणार; तुमच्या हयातीत नाही तर नंतर, पण करणार. मला तुमचा राग आला होता आणि आजही थोडा येतो. तुम्ही निदान जेवून जायला हवं होतं.

आता उद्याचं सांगते. आपल्या दुकानापासून लांब नाही, एक लूमचा कारखाना आहे, वर एका रांगेत खोल्या. तिथे खानदेशची, परभणीकडची कुटुंबं राहतात, खालीच कामाला. जिना एकच, तो लूमच्या भिंतीला लागून, वेल्डचा, आणि इतक्या वेळा फाटून जोडलेला की लोखंडापेक्षा टाकेच जास्त. मधली एक पायरी एका बाजूने सुटली आहे. तिच्यावर कोणी पाय देऊ नये म्हणून बायकांनी तिला कुंकू लावलं, आणि पोरांना सांगितलं की ही देवाची पायरी, ओलांडून जायचं. आता सगळे तिला ओलांडतात, भरलेला हंडा डोक्यावर घेऊनसुद्धा. पाण्याचा नळ खाली आहे. परभणीकडची एक बाई आहे, सातव्या महिन्यातली. तिला मी ती पायरी ओलांडताना पाहिलं, एका हाताने हंडा आणि एका हाताने पोट धरून, आणि तिथल्या तिथे शेठकडे गेले. शेठ माणूस वाईट नाही. त्याच्या कारखान्यात पूर्वी एकदा वेल्डिंगची ठिणगी सुतात पडून सगळं पेटता पेटता राहिलं, तेव्हापासून धसका घेतला आहे. "जिना करी आपो बेन, पण तणखो एक बी नी जोईए," म्हणाला. ठिणगी एकही नको. मशीन बंद ठेवायची ती फक्त रजेच्या दिवशी, आणि वरच्या लोकांना रात्री घरात जाता आलं पाहिजे. ठिणगीशिवाय, एका दिवसात, जुना काढून नवा. तुमच्या पद्धतीने हे होणार नाही, आप्पा. कोणाच्याच पद्धतीने होत नव्हतं, म्हणून तर देव बसवावा लागला.

शेठची सून इंजिनिअर आहे. मी नमुना घेऊन गेले तेव्हा तिने तो उलटासुलटा करून पाहिला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "नीचेथी ऊंचकाय तो?" खालून उचकटली गेली तर? पोरं उड्या मारतात, हादरा रात्रंदिवस आहे, हळूहळू वर सरकत बाहेर आली तर? मला क्षणभर तुम्ही कळशी उतरवून ठोसा मारताना दिसलात. तुमची शंका आणि तिची शंका एकच होती. फरक इतकाच, की तिने नमुना तोडला नाही, परत येऊन दाखवा म्हणाली. मी घरी येऊन पुष्कळ दिवस त्यावर डोकं घालून बसले. आता पायरी कशी आहे ते ऐका. जिन्याच्या दोन्ही बाजूंना लांब लोखंडी चॅनल, त्यांना खाचा आहेत. प्रत्येक पायरीच्या दोन्ही अंगांना जाड आकडे, ते खाचेत जातात आणि खाली बसतात. वर वजन आलं की आणखी बसतात. खाचेत लोखंडावर लोखंड टेकत नाही, मध्ये चामड्याची चकती आहे. लूममध्ये धोट्याला ठोसे मारून झिजलेले चामड्याचे पिकर भंगारात मिळतात, ते कापून घेतले. आयुष्यभर हादरे खाल्लेलं चामडं आहे, त्याला सवय आहे. आणि सगळ्या पायऱ्या बसल्या की मागच्या बाजूने, सगळ्या आकड्यांवरून, जिन्याच्या दर टप्प्याला वरून खालपर्यंत एक सळई जाते आणि खालच्या टोकाला एका नटाने अडकते. दाराला अडसर असतो ना, तसा अडसर. ती असेपर्यंत एकही पायरी वर उठू शकत नाही. सळई लाल रंगवली आहे, म्हणजे घातली आहे की नाही ते रस्त्यावरून दिसतं. आणि समजा घालायची राहिली, समजा कोणी काले म्हणालं आणि कोणी काल समजलं, तरी पायरी फिरत नाही. कसायचं असं तिच्यात काही नाहीच. सुनेने पाहिलं, माझ्याकडून पुन्हा दोन ठिकाणी बदलून घेतलं, आणि हो म्हणाली. चढायच्या आधी भरलेली पोती ठेवून वजन तपासायचं, ही तिची अट.

तेव्हा उद्या मी हे करणार. माणसं जेवून आली, ग्राइंडर सुरू होईल. पुढचं झाल्यावर लिहीन.

मध्ये बरेच दिवस गेले, आप्पा. लिहायचं टाळत होते असं नाही, कामं येत गेली. जिना झाला. ज्या दिवशी झाला त्या दिवसाचं सांगते.

सकाळी आम्ही जुना जिना काढला. गॅसने कापायचा नव्हता, ठिणगी नको, म्हणून भिंतीत आणि जमिनीत धरलेले बोल्ट खोलले आणि बाकीचं हातकरवतीने कापलं. गल्ली इतकी अरुंद की टेम्पो तोंडाशीच थांबला. चॅनल खांद्यावरून नेले आणि पायऱ्या एकेक हातातून हातात. परभणीकडच्या बाईने देवाच्या पायरीला हात जोडले आणि मला विचारलं, "आता देव कुटं बसवायचा, ताई?" मी म्हटलं, आता त्याला सुट्टी द्या. चॅनल उभे राहिल्यावर खालून पहिली पायरी बसवली. तिच्यावर उभं राहून दुसरी, दुसरीवर उभं राहून तिसरी. टक् असा आवाज यायचा, बस्स. लूम बंद, त्यामुळे तो टक् सगळ्या कारखान्यात ऐकू जायचा आणि पोरं प्रत्येक वेळी ओरडायची. दुपार कलायच्या आत पायऱ्या वरपर्यंत गेल्या. आणि वरच्या टप्प्याची सळई काही केल्या जाईना. टेम्पोत वाकली होती. ठोकून सरळ होईना, म्हणून मी ती घेऊन दुकानात निघाले. निघताना मराठी, हिंदी, गुजराती, येत होतं त्या सगळ्यांत सांगितलं, की मी येईपर्यंत आणि पोती ठेवून होईपर्यंत वर कोणी जायचं नाही. सगळ्यांनी माना हलवल्या.

परत आले तर खाली कोणीच नाही. अंगण रिकामं, हंडे रिकामे नव्हे, हंडेच नाहीत. वरून कुकरची शिट्टी ऐकू आली. मी मान वर केली. सगळे वर गेले होते. पोरं, म्हातारे, रात्रपाळीचे लोक अंथरुणं पसरून आडवे झालेले. सातव्या महिन्यातली ती बाई वरच्या पायरीवर चक्क बसून तांदूळ निवडत होती. माझ्या हातातली सळई खाली पडली आणि मी बेंबीच्या देठापासून ओरडले, "बोल्टवर मानूस चढावाना नही!" पायऱ्यांत एकही बोल्ट नव्हता, आप्पा. पण दुसरे शब्द आलेच नाहीत. लेकरू रडावं तसे तुमचे शब्द आले. ती बाई घाबरून उठली नाही की काही नाही. म्हणाली, "लेकरं उपाशी व्हती, ताई. आमी कवाच वर आलाव. काय हालत न्हाई, काय न्हाई. तुमी बी या, च्या ठिवलाय."

मी चढले. पहिल्या पायरीवर आधी टाच आपटून पाहिली, लपवायचं कशाला. मग दुसरी, मग तिसरी. वर जाऊन सळई घातली, तिच्या खालच्या टोकाचा एकुलता नट स्वतः कसला, मग सुनेला फोन केला. ती आली आणि अटीप्रमाणे तिने पोती ठेवायला लावलीच, लोक हसत असताना. पोती उतरवून तिने सगळे आकडे हात घालून तपासले. दुसऱ्या दिवशी लूम सुरू झाले तेव्हा मी कठड्याला हात लावून उभी होते. हादरा आहे, तो जाणार नाही. पण पायरीपर्यंत येतो तो मऊ होऊन येतो. आता शेठला दुसऱ्या कारखान्यातही असाच जिना हवा आहे, आणि मी तो करणार आहे, आणि त्यानंतर आणखी. तुमचा शब्द मी कायमचा मोडला आहे, एका दिवसापुरता नाही.

आता सांगायचं एक राहिलं. लग्न होऊन मी सुरतेतच उधन्याला गेले तेव्हा आमची खोली वर होती, आणि जिना बोल्टचा. दुकानात मी रोज येतच होते, त्यामुळे आपली भेट व्हायची, लोकांना त्यात काही विशेष दिसलं नाही. पण आखाजीच्या सणाला मला माहेरी न्यायला आलात की तुम्ही खाली रस्त्यावर उभे राहून हाक मारायचात, आणि मी खाली यायची. माझी मुलगी झाली तेव्हा तिला दुपट्यात गुंडाळून खाली आणली आणि तुमच्या हातात दिली, तिथेच, रिक्षा आणि सायकलींच्या मध्ये. माझ्या स्वयंपाकघरासाठी मांडणी तुम्ही केलीत, माप तुम्ही खालून विचारत होता आणि मी खिडकीतून ओरडून सांगत होते. मांडणी कारागिरांनी वर आणली. ती बसली कशी, हे तुम्ही मला विचारलंत, बघितलं नाहीत. मी एकदाही चला म्हटलं नाही, कारण तुमचं उत्तर मला ठाऊक होतं, आणि तुम्हाला दोनदा नाही म्हणायला लावणं मला जमलं नसतं. मला तुम्ही एकदा माझ्या घरी हवे होतात, आप्पा. बाकी काही नाही, भिंतीला टेकून बसलेले, हातात पेला.

दुकानाच्या ओट्यासमोर तुम्ही स्वतःपुरती विटांची एक ठेंगणी पायरी करून घेतली होती, उजवा पाय जेवढा उचलायचा तेवढीच उंच. ती अजून आहे. बाकीच्यांना तिची ठेच लागते, पण मी ती काढू देत नाही. हे पत्र मी दुकानात ठेवणार नाही, शेठच्या सुनेचं आता तिथे येणंजाणं असतं आणि तिला मराठी वाचता येते. त्या दिवशी पोती उतरवल्यावर तिने मला विचारलं होतं, की तुम्ही पायऱ्या इतक्या कमी उंचीच्या का धरल्यात? त्यापायी जिना लांबला, मध्ये वळण घ्यावं लागलं, लोखंड जास्त गेलं. मी म्हटलं, बायकांच्या डोक्यावर पाणी असतं. तिला ते पटलं, तिने मान हलवली. ते खरंही आहे, पण ते मला नंतर सुचलं.